कल्हई लागलेला बास

मित्रांनो, परंड्याच्या पेठेत खाजाभाईंच्या बँड पार्टीचं दुकान आहे. तिथं मागच्या भिंतीला एका दणकट खुंटीवर एक जुना, मोठ्या पोटाचा पितळी बाजा टांगलेला दिसेल. तो मी. मला बास म्हणतात. क्लॅरिनेट गातो, कॉर्नेट मिरवतो, ढोल दणाणतो आणि मी या सगळ्यांच्या खालून भों भों करत चालतो. वरातीत कोणी कधी म्हणालं नाही की आज बास छान वाजला. मी थांबलो तर मात्र नाचणाऱ्यांचे पाय चुकतात, आणि बोलणी खातो बिचारा ढोलवाला. या गोष्टीची मला सवय झाली आहे असं मी सगळ्यांना सांगतो, पण ते पुरतं खरं नाही.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा ठोकून माझं रुंद तोंड केलं, नळ्या वाकवून माझी आतडी केली आणि प्रत्येक सांध्याला डाग दिला. डाग म्हणजे काय, तर दोन नळ्या जोडताना मधे शिसं आणि कथील वितळवून भरतात. ते थंड झालं की सांधा पक्का होतो. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढे माझ्यावर जे गुदरलं ते या डागांमुळेच.

जहाजातून मी हैदराबादेला आलो, निजामाच्या एका पलटणीच्या बँडमध्ये. तिथं मला मकबूलच्या गळ्यात अडकवलं. मकबूल परंड्याचाच, रुंद छातीचा आणि कमी बोलणारा. पलटण कवायतीला निघाली की शेकडो बुटांची पावलं माझ्या आवाजावर एकसारखी पडायची. बँडमास्तर नव्या पोरांना शिकवताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, हा वाजतो तो पायांसाठी. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. एकदा मकबूलच्या हातून मी दगडी पायरीवर पडलो आणि माझ्या पोटाला एक पोचा आला. त्या दिवशी मकबूल जेवला नाही.

मग निजामाचं राज्य गेलं. पलटणी मोडल्या, वाजवणारे गावोगाव पांगले आणि आम्ही बाजे एका कोठीत धूळ खात पडलो. मकबूल परंड्याला परतला तेव्हा दिवस वाईट होते. त्याच्यासारख्या मुसलमान घरांनी भीतीने दारं लावून घेतली होती. त्या दिवसांत वीरप्पा नावाच्या आडत व्यापाऱ्यांनी मकबूलची बायको नसीमबी आणि तिची पोरं आपल्या कोठारात, ज्वारीच्या पोत्यांमागे ठेवून घेतली, आणि स्वतः दारात बाज टाकून बसून राहिले. मकबूल आणि वीरप्पा याबद्दल आपसात कधी चकार शब्द बोलले नाहीत. मला हे नसीमबीच्या तोंडून कळलं, मला चिंच लावून घासताना ती एकदा शेजारणीला सांगत होती.

पुढे खाजाभाईंनी परंड्यात बँड पार्टी काढायचं ठरवलं. ते क्लॅरिनेट झकास वाजवायचे. पलटणींच्या जुन्या वाद्यांचा लिलाव आहे असं कळल्यावर ते मकबूलला घेऊन हैदराबादेला आले. कोठीचं दार उघडलं आणि मकबूल सरळ माझ्याकडे आला. त्याने माझ्या पोटावरच्या पोच्यात बोट घातलं.

"ह्यो घ्या, खाजाभाई."

"अरे, एवढ्या पैशात दोन कॉर्नेट येत्यात की," खाजाभाई म्हणाले. "लग्नात ह्याला कोण इचारतंय?"

"दोन घ्या न्हायतर चार घ्या. पण खाली कायच न्हाय तर वरचे उभे कशावर राहणार?"

खाजाभाई हसले आणि मला घेतलं. परतीच्या सगळ्या वाटेवर मकबूलने मला मांडीवर धरलं होतं.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. लग्नसराईत आम्ही बार्शीला जायचो, कुर्डुवाडीला जायचो, सोनारीच्या काळभैरवाच्या यात्रेत वाजवायचो. पावसाळ्यात सुपाऱ्या बंद झाल्या की सगळे वाजवणारे दुकानाच्या ओट्यावर बसायचे आणि त्यांच्या गप्पांना ऊत यायचा. मेरठचा बाजा स्वस्त पण त्याचं पितळ पातळ, जुना विलायती आता बघायला मिळत नाही, सोलापूरच्या पार्टीने म्हणे सॅक्सोफोन घेतला, अमक्या पाटलाने सुपारी ठरवली एक आणि दिली दुसरीच. कॉर्नेटवाला सादिक मोठा थट्टेखोर. तो म्हणायचा, "मकबूलचाचा, बास इका आन म्हस घ्या. आवाज त्योच, वर दूध मिळंल." सगळ्यांच्या आधी मकबूलच हसायचा. मी हसायचो नाही.

समोरच वीरप्पांची आडत. माझा आवाज निघाला की ते तराजू तसाच सोडून ओट्यावर येऊन बसायचे. लिंगायत समाजातले ते जुने, वजनदार गृहस्थ, पण बसायचे जमिनीवरच. एकदा असेच बसलेले असताना त्यांनी मकबूलला जवळ बोलावलं.

"मकबूल, तुला एक काम सांगून ठेवतो. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत न्हाईत, ठाऊक हाय ना? इमानात बसवून नेतात."

"व्हय, आप्पा. बघितलंय की."

विमान म्हणजे बांबूची सजवलेली मखरासारखी पालखी. तीत माणसाला बसवतात, पुढे भजन आणि बाजा असतो.

"माझ्या बापाच्या येळेला खांदेकऱ्यांचे पाय जुळंनात," वीरप्पा म्हणाले. "इमान सारखं हेलकावत होतं. बापाची मान इकडं तिकडं पडायली. जलमभर ताठ चाललेला माणूस. ते माझ्या डोळ्यांपुढनं जात न्हाय. वरच्या सुरातलं मला काय कळत न्हाय, पण तुझा बास चालला की पाय आपोआप नीट पडतोय. माझ्या येळेला ह्योच म्होरं वाजू दे."

"वाजंल, आप्पा," मकबूल म्हणाला. त्या दिवसापासून मकबूल मला रोज फुंकू लागला, सुपारी असो वा नसो. माझ्या आयुष्यात मला कोणी असं नेमून काम दिलं नव्हतं. वीरप्पांना उदंड आयुष्य मिळावं असं मला वाटायचं आणि त्यांच्या त्या दिवशी मीच असावा असंही वाटायचं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात वीरप्पा आजारी पडले. आडतीवर येणं बंद झालं. त्यांची बायको गिरिजाबाई दारातून मकबूलला खुणेने सांगायच्या, आज बरं आहे, आज तसंच आहे.

त्याच सुमारास बार्शीचे एक पाहुणे लग्नाची सुपारी द्यायला आले. त्यांनी वाद्यं पाहिली, माझ्यापाशी थांबले आणि विचारलं, "हा हाटेलातला बंब हितं कशाला ठेवलाय?" त्यांना चांदीसारखे लखलखीत बाजे हवे होते. सुपारी गेली ती गेलीच, पण खाजाभाईंना तो शब्द लागला. माझा अपमान त्यांना स्वतःचा वाटला. मला नवी झळाळी आणायचीच असं त्यांनी मनात घेतलं.

दोन दिवसांनी पेठेत कल्हईवाला आला. त्याने रस्त्याकडेला खड्डा केला, भाता लावला, निखारे फुलवले. बायका पातेली, पराती घेऊन आल्या. आणि खाजाभाई मला घेऊन आले. मकबूल त्या दिवशी बहिणीकडे जळकोटला गेला होता. तो येईल तेव्हा मला चमकताना पाहून त्याला केवढा आनंद होईल, असं खाजाभाई सादिकला सांगत होते.

कल्हईवाल्याने मला उलटंसुलटं पाहिलं. "भाई, भांडं येगळं आन बाजा येगळा. म्या असलं कधी केलं न्हाय."

"पितळ हाय ना? मग पितळंला कल्हई चालती," खाजाभाई म्हणाले. "तू लाव."

माझं रुंद तोंड निखाऱ्यांवर धरलं. नवसागराचा पांढरा धूर निघाला, कथील फिरलं, कापसाच्या बोळ्याने पुसलं आणि खरोखरच माझ्या ओठाशी एक चांदीसारखा पट्टा उमटला. खाजाभाईंचा चेहरा फुलला. मग कल्हईवाल्याने मला आणखी आत सरकवलं. तापलेल्या पितळेतून आच माझ्या सांध्यांपर्यंत पोचली, आणि कारखान्यात दिलेले ते डाग पाण्यासारखे ओघळले. एक नळी गळून पडली. मग दुसरी. मग बोटांनी दाबायच्या पिस्टनचा सगळा जुडगा कलंडला. खाजाभाईंनी निखाऱ्यात हात घालून मला ओढून काढलं. त्यांची बोटं भाजली, तरी ते तुकडे सोडत नव्हते.

संध्याकाळी मकबूल आला. खाजाभाई बोटांना फडकं बांधून ओट्यावर बसले होते, त्यांना मान वर करवेना. मकबूलने माझे तुकडे पाहिले. त्याने एकेक नळी उचलून पाहिली.

"तुमी चांगलंच करायला गेलता, खाजाभाई," तो म्हणाला. "पण आता आप्पांना काय सांगू?"

त्याने मला गोणपाटात भरलं आणि तसाच वीरप्पांकडे गेला. वीरप्पा अंथरुणात उशीला टेकून बसले होते. सगळं ऐकून त्यांनी गोणपाटावर हात ठेवला. "जा, नीट करून आण. तवर म्या थांबायचं बघतो," ते म्हणाले. मकबूलला हसावं की रडावं कळेना.

कुर्डुवाडीवरून आम्ही सोलापूरला गेलो. तिथं वाद्यं दुरुस्त करणारे एक वस्ताद होते. त्यांनी तुकडे जमिनीवर मांडले आणि सांगितलं की वेळ लागेल, घाई केली तर सांधे हवा धरणार नाहीत. मकबूल मला ठेवून परत गेला. मी तिथं तुकड्या-तुकड्यांनी पडलो होतो आणि प्रत्येक सकाळी वाटायचं, आज वीरप्पा कसे असतील. येणारेजाणारे वाजवणारे माझे पिस्टन सुटे विकत मागायचे. वस्ताद नाही म्हणायचे. हळूहळू एकेक सांधा जुळला. शेवटची नळी बसली तेव्हा मी मनात म्हटलं, आता मकबूल आला की झालं.

मकबूल आला, सादिकला सोबत घेऊन. पण तो दुकानात शिरला नाही. रस्त्यापलीकडे लिंबाखाली पाठमोरा उभा राहिला. सादिकच आत आला, आणि त्याच्या तोंडावर थट्टेचं चिन्हही नव्हतं.

"चाचा आत का येत नाहीत?" वस्तादांनी विचारलं.

"ज्याच्यासाठी बाजा नीट करायला दिला, त्यो माणूसच गेला," सादिक म्हणाला. "मागल्या सोमवारी. आप्पांना इमानात बसवलं. आमी म्होरं वाजवत होतो. खाजाभाईंच्या क्लॅरिनेटनं लोकांच्या डोळ्यात पाणी आलं, पण खांदेकऱ्यांचे पाय काय एक पडंनात. इमान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. आप्पांची मान हलायली. चाचा मागं चालत होते, रिकाम्या हातानं. गल्ली सुटायच्या आतच ते गर्दीतनं म्होरं आले, इमानाच्या दांड्याला हात लावला आन तोंडानंच सुरू केलं. भों, भों, भों. बास वाजवतेत ना, तस्संच."

"तोंडानं?"

"तोंडानं. दोघं-तिघं हसले. मंग कुणी हसलं न्हाय. पाय एक झाले. रुद्रभूमीतल्या समाधीपतूर इमान हाललं न्हाय, आन चाचांनी दम सोडला न्हाय. अजून घसा बसलेलाच हाय त्यांचा."

मित्रांनो, मी तिथं नव्हतो. ज्या एका कामासाठी मला कोणी नाव घेऊन बोलावलं, त्या कामाला मी पोचलो नाही. हे दुःख माझ्या नव्या सांध्यांमध्ये आजही आहे.

परंड्यात उतरल्यावर मकबूल घरी गेला नाही. मला खांद्याला लावून तो थेट वीरप्पांच्या दारात गेला. गिरिजाबाई उंबऱ्यापाशी बसल्या होत्या.

"अक्का, बाजा आणलाय," मकबूल बसक्या आवाजात म्हणाला. "येळेला आला न्हाय. म्या शब्द दिलता आप्पांना. माफ करा."

गिरिजाबाईंनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं.

"आला न्हाय कसं म्हणतोस? म्या हितं दारात बसून ऐकला की. म्या म्हणलं, आला मकबूलचा बाजा, आता ह्यांना नीट नेतील."

मकबूल पायरीवर बसला, मला मांडीवर घेतलं आणि हलकेच फुंकलं. गिरिजाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्या दिवशी मला कळलं की इतकी वर्षं ज्याला मी माझा आवाज समजत होतो, तो मकबूलचा दम होता. मी त्याला फक्त वाट देत होतो. आणि तेवढ्यानेही माझं मन भरून आलं.

आता मकबूल नाही. लग्नांत कर्णे लावून तबकड्या वाजवतात, सुपाऱ्या कमी झाल्या आहेत. खाजाभाई थकले आहेत, पण अधूनमधून मला खाली काढतात, मऊ फडक्याने पुसतात, पिस्टनला थेंबभर तेल देतात. ओठावरच्या त्या चांदीसारख्या पट्ट्यापाशी त्यांचा हात थांबतो. मला त्यांचा राग नाही. त्यांनी माझ्यावर माया केली, फक्त मला ओळखणारा माणूस गावाहून परत येईपर्यंत ते थांबले नाहीत.

म्हणून मित्रांनो, एखादी जुनी वस्तू हातात आली तर तिला चमकवण्याआधी, ती ज्याने वापरली त्याला विचारा. तो गावाला गेला असेल तर थांबा. आणि तुमच्याही घरात कोणीतरी सगळ्यांच्या खालून चालणारं असेल, ज्याच्यामुळे बाकीच्यांचे पाय नीट पडतात आणि ज्याचं नाव कोणी घेत नाही. त्याला एकदा सांगा की आम्हाला ऐकू येतं. गिरिजाबाईंनी मकबूलला सांगितलं होतं, आणि तो त्यानंतर पुष्कळ वर्षं वाजवत राहिला.