मागचे इंजिन

"आगं, आनखी घास. कानामागं ऱ्हायलंय."

"आता कातडं निगंल तुमचं!" बयाबाई म्हणाली आणि नवऱ्याची मान काथ्याने पुन्हा खसाखसा घासू लागली. तिलाही हौस होतीच. आज महिपतीचा फोटो निघायचा होता.

वळवणच्या महिपतीने बावीस वर्षे बोरघाटात मागच्या इंजिनावर खोऱ्याने भट्टीत कोळसा मारला. कर्जतला गाडीच्या शेपटाला दुसरे इंजिन लावायचे, त्याने मागून रेटत गाडी घाट चढवायची आणि लोणावळ्याला ते सोडून द्यायचे. दसऱ्याला हार-नारळ पुढच्या इंजिनाला. मागच्याला कोण विचारतो? उद्यापासून विजेची इंजिने धावणार होती. मागच्या इंजिनालाही सुट्टी आणि महिपतीलाही. पण त्या इंजिनाचा, त्यावरच्या माणसांसकट, शेवटचा फोटो निघणार आणि तो रेल्वे कंपनीच्या कचेरीत लागणार, हे कळल्यापासून त्याचा जीव त्या फोटोत अडकला होता. आपणही होतो, हे कुठेतरी दिसावे, एवढेच त्या भल्या माणसाचे मागणे.

लग्नातला फेटा बांधून तो लोणावळ्याच्या स्टेशनात गेला. इंजिनापुढे सगळे ओळीने उभे होते. मध्ये ड्रायव्हर पिंटोसाहेब. सहा वर्षे दोघे एकाच इंजिनावर. महिपती शेजारी उभा राहिला, तसा साहेब खेकसला, "ए, बाजू हटो! ये स्टाफ का फोटो है."

"सायेब, मी म्हाईपती. तुमचा फायरमन."

साहेबाने त्या गव्हाळ, धुतलेल्या तोंडाकडे पाहिले. "झूठ मत बोलो. हमारा फायरमन काला भूत है."

ओळीतल्या अंबाजी या रेल्वेच्या खलाशाने महिपतीला ओळखले; त्याने तोंड उघडले आणि मिटले. साहेबासमोर कोण बोलणार? फोटोवाला घाई करत होता. साहेबाने इंजिन पुसणाऱ्या एका नव्या माणसाला बोलावले. त्याचे तोंड काळेकुट्ट होते. त्याच्या हातात महिपतीचे खोरे दिले, आणि फोटो निघाला.

महिपती पायीच घरी आला. ओट्यावर त्याची म्हातारी आई धोंडाबाई बसली होती. तिचे डोळे केव्हाच गेले होते. लेक रोज कामावरून आला की कोळशाच्या वासानेच ती ओळखायची आणि पदराने त्याचे तोंड पुसायची. आज वास नव्हता.

"कोन आलंय?"

महिपतीने फेटा काढून ओट्यावर ठेवला. तो तिच्याजवळ टेकला. तिने चाचपडत त्याचा हात धरला. तळव्यावरचे खोऱ्याचे घट्टे बोटांना लागले, तशी ती हसली.

"म्हाईपती व्हय! मंग बोलत का न्हाईस? निगाला का फोटू?"

"निगाला, आये."

"तुजं खोरं हाय न्हवं त्यात?"

"हाय."

म्हातारीने समाधानाने पदर घेतला आणि सवयीने त्याचे तोंड पुसले. दारात उभ्या बयाबाईने पाहिले. पदर आज काळा झाला नाही. ओला तेवढा झाला.