झुंबरबाईची म्हैस काहीच देत नाही

"दारिद्र्य या गावातून कायमचं हद्दपार झालेलं आहे, आणि ते आज मी माझ्या डोळ्यांनी पाहणार आहे," असं विस्तार अधिकारी महादेवराव जीपच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, आणि पायरी तुटली.

साहेबांना फार लागलं नाही. चार जणांनी त्यांना उचललं, पाचव्याने झटकलं, आणि हद्दपारीची पाहणी सुरू झाली.

गोष्ट त्रेसष्ट सालची. जिल्हा परिषद नवी होती, जीप जुनी होती. वर्षभरापूर्वी याच जीपमधून येऊन साहेबांनी चिखलीजवळच्या आमच्या गावात अकरा घरांना रोख तीनशे-तीनशे रुपये वाटले होते. ज्यांना शेत नाही त्यांनी जनावर घ्यावं, कोणतं घ्यावं ते ज्याचं त्याने ठरवावं, सरकार मध्ये पडणार नाही, असं ते तेव्हा म्हणाले होते. आता सरकार मध्ये पडायला आलं होतं.

साहेब पुण्याकडचे. माणूस हुशार, मनाने चांगला. आमच्या भागातली एकच गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती, कारण ती सांगावी लागते हेच कुणाला सुचलं नव्हतं. आपल्या जनावराला आपल्या तोंडाने चांगलं म्हणायचं नाही, आणि दुधाचा आकडा तर परक्यासमोर काढायचाच नाही. काढला की नजर लागते, जनावर आटतं. भिमाबाईची गाय अशीच आटली. ती चौदा वर्षांची होती म्हणून आटली असं म्हणणारे लोक आहेत, पण तसले लोक कुठे नसतात?

पहिला नंबर पुंजाजीचा.

"काय पुंजाजी, शेळ्या कशा आहेत?"

"शेळ्या कायच्या साहेब, हाडं हायेत हाडं. उभ्या हायेत हेच लय झालं."

मागे अकरा तुकतुकीत शेळ्या बाभळीच्या फांदीवर तुटून पडल्या होत्या. आणल्या तेव्हा त्या पाच होत्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण शेळ्यांतलं आपल्याला कमी कळतं हे त्यांना कळत होतं. त्यांनी वहीत लिहिलं, 'अशक्त'.

रामराव म्हणाला, "गाय काय खाते ते दिसते साहेब. काय देते ते देवालेच ठाऊक." साहेबांनी लिहिलं, 'निरुपयोगी'.

दुपारपर्यंत नऊ घरं झाली. मन मोकळं करून बोलला तो एकटा कारभारी.

"गाय म्हंजे गाय, साहेब! पाच शेर सकाळी, पाच शेर संध्याकाळी. लोण्याचं तर इचारूच नका!"

"कुठे आहे ती?"

"चरायले गेली."

साहेबांनी 'उत्कृष्ट' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. कारभारीने त्या पैशांचा रेडिओ घेतला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. साहेब दारात उभे होते तेव्हाही रेडिओ आतून बाजारभाव सांगत होता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा साहेब शेवटच्या घरी, झुंबरबाईच्या अंगणात आले. मागोमाग अर्धं गाव आलं.

झुंबरबाई पन्नाशीची, एकटी. बावीस वर्षं तिने लोकांची जनावरं अर्धेलीने वाढवली. अर्धेली म्हणजे वासरू मालकाचं, चारापाणी आणि जागरण आपलं. जनावर हाताशी आलं की गावाने किंमत ठरवायची, अर्धी रक्कम आपण घ्यायची आणि दावं मालकाच्या हातात द्यायचं. असं दावं तिने चौदा वेळा दिलं होतं. प्रत्येक वेळी ती दोन दिवस कुणाशी बोलत नसे. तिसऱ्या दिवशी कुणीतरी नवं वासरू आणून बांधी आणि ती पुन्हा बोलू लागे, पण पहिल्यांदा वासराशी.

आता अंगणात उभी असलेली म्हैस मात्र अर्धी कुणाचीच नव्हती. आपल्याकडची लांब शिंगांची, तलवारी पाठीवर टाकल्यासारखी. झुंबरबाईने ती गाभण असताना चिखलीच्या बाजारात घेतली आणि तीन तास चालवत घरी आणली. वाटेत तिने तिला चार वेळा बसू दिलं. स्वतः एकदाही बसली नाही.

"दूध किती देते?" साहेबांनी विचारलं.

"मांजरीले पुरत नाई."

"आणि रेडकू?"

"वगार हाये. जगते का नाई, कोण जाणे."

वगार साहेबांच्या पिशवीचा बंद चघळत होती. साहेबांनी तो तिच्या तोंडातून सोडवला, वही मिटली आणि खाली मान घातली.

"झुंबरबाई, मला वाईट वाटतं. पण ही मदत वाया गेली. वरून हुकूम आहे. जनावर फायद्याचं नसेल तर ते जमा करायचं, विकायचं आणि पैसा दुसऱ्या गावाला द्यायचा. उद्या माणूस येईल."

मागच्या गर्दीतून पुंजाजी पुढे सरकला.

"म्हंजे आमच्या शेळ्याबी?" पुंजाजीने विचारलं.

"अकरापैकी दहा घरांची. एक तेवढे कारभारी..."

कारभारीने आभाळाकडे पाहिलं.

"सांग ना व झुंबरबाई!" पुंजाजी कळवळून म्हणाला. "काय हाये ते खरं सांगून टाक!"

"तू काऊन नाई सांगत?"

"माह्या शेळ्या दुभत्या हायेत, बाई! मी कसा सांगू?"

झुंबरबाई साहेबांकडे वळली. "नेणार म्हंजे कसं, साहेब? दावं मीच सोडून द्यायचं?"

"हो. सही आणि दावं."

तिने तोंड उघडलं. "म्हैस..." म्हणाली आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "म्हैस..." चांगली हा शब्द ओठांपर्यंत आला आणि मागे गेला. हातातलं दावं तिने मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरलं. पंधराव्यांदा तिला ते द्यायचं नव्हतं. पण वाचवण्यासाठी बोलावं तर म्हैस आटणार, न बोलावं तर म्हैस जाणार. अशी अडचण कुठल्याही खात्याच्या नियमात बसत नाही.

तेवढ्यात म्हैसच ओरडली. धारेची वेळ झाली होती.

झुंबरबाईने घरातून पाट आणला आणि म्हशीकडे पाठ येईल असा मांडला.

"बसा साहेब. तोंड भिंतीकडे करा."

"कशासाठी?"

"पाह्याचं नाई. आयका फक्त. तुमीबी फिरा रे सारे!"

अर्धं गाव वळलं. महाराष्ट्र शासनही वळलं आणि मांडी घालून भिंतीकडे पाहत बसलं.

वगार लुचली, म्हैस पान्हवली. पहिली धार रिकाम्या चरवीच्या तळाला लागली आणि ठण्ण वाजली. मग दुसरी. थोड्या वेळाने आवाज जाड झाला, मग मऊ झाला, मग नुसता फेसात फेस पडल्यासारखा सर्र-सर्र येत राहिला. येतच राहिला. साहेबांनी आधी घड्याळ पाहिलं. मग ते पाहायचं सोडून दिलं. मग मान जराशी कलती करून, डोळे मिटून ते ऐकत बसले.

आवाज थांबला. झुंबरबाईने चरवीवर पदर झाकला आणि ती साहेबांच्या हातात दिली.

"घ्या. काईच नाई यात."

साहेबांचे दोन्ही हात खाली गेले. पदराच्या कडेने फेस ओघळून त्यांच्या बाहीवर आला.

"झुंबरबाई," साहेब हळू म्हणाले, "हे 'काहीच नाही' फार जड आहे."

"हाव. रोजच असं. सकाळचं काईच नाई याहून जरासं जास्त असते."

साहेबांनी चरवी खाली ठेवून वही उघडली. 'निरुपयोगी' खोडलं, 'अशक्त' खोडलं. साहेबांना आपली भाषा समजली हे गर्दीत पहिल्यांदा कळलं ते पुंजाजीला, आणि तो पुढे घुसला.

"माह्या शेळ्या तर याच्याहून वाईट, साहेब! मरून राह्यल्या! पार मरून राह्यल्या!"

"माही गाय तर गायच नाई!" रामराव आनंदाने ओरडला.

साहेब हसत हसत लिहीत होते. मग त्यांची नजर दोन रेघांवर गेली, आणि त्यांनी वर पाहिलं. कारभारी निघाला होता. पुढच्याच बाजारी त्याने रेडिओ विकून, वर थोडे घालून खरोखरची गाय घेतली, आणि तेव्हापासून तो तिला वाईट म्हणायला लागला.

म्हैस राहिली. झुंबरबाईने मनगटाचे वेढे सोडले. तिथे लाल वळ उठले होते. ते तिने पदराआड घेतले.

साहेबांना राहवलं नाही. ते पाटावरून उठले, दोन पावलं मागे सरून म्हशीशेजारी उभे राहिले आणि हात उंचावून म्हणाले, "झुंबरबाई, आजवर तुम्ही दुसऱ्यांसाठी राबलात. आता ही म्हैस तुमची, वगार तुमची, तिची पुढची वेतं तुमची! आज या अंगणात मी एक माणूस मालक होताना पाहिला..." इथे साहेब श्वास घ्यायला थांबले. लोकांनी टाळ्यांसाठी हात वर घेतले.

झुंबरबाई खाली पाहत होती. लाजली असेल असं सगळ्यांना वाटलं.

"साहेब," ती म्हणाली, "तेवढा डावा पाय उचला. शेण वाया जाऊन राह्यलं."