खिडकीकडची बाजू

तिने व्हायनलच्या चिकट फिल्मच्या पाठचा कागद दोन बोटं सोलला, उघडी पडलेली चिकट कड बोर्डाच्या कडेवर टेकवली, तळहाताने दाबली आणि पेडलवर पाय ठेवला. लॅमिनेटरचे दोन रबरी रोलर फिरू लागले. बोर्ड आत सरकला, वरून छापील व्हायनल त्याच्यावर उतरू लागलं, सुटलेला कागद तिच्या पोटाशी गोळा होऊ लागला. एक फूट, दोन फूट. तिसऱ्या फुटाला अक्षरं कलली आणि त्यांच्यावर एक सुरकुती चढली, झोपून उठलेल्याच्या गालावर उशीची वळी दिसते तशी.

“थांब! थांब म्हणतो ना!” मशीनच्या पलीकडून मामा ओरडले.

तिने पाय काढला. पण एकदा चिकटलेलं व्हायनल सुटत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

“आठवड्यातला तिसरा.” मामांनी बोर्ड उचलून भिंतीशी उभा केला, तोंड भिंतीकडे करून, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा. “आणि दर वेळी खिडकीकडेच. तुझा हातच तिरका आहे गं, मास्तरीणबाई. त्याला तू काय करणार आणि मी काय करणार!”

“तुमची जीभही जन्मात सरळ चालली नाही,” संगणकापाशी बसलेली मामी मान न वळवता म्हणाली. “तिला कुणी कामावरून काढलं का?”

“मी कुठे काढतोय? काउंटरवर बस म्हणतोय. सोमवारपासून एक कारागीर येतोय, मशीन तो बघेल. हिने गिऱ्हाईक बघावं. आवाज गोड आहे तिचा.”

तो गोड आवाज तेवढ्यात कुठे गेला कोण जाणे. तिने फक्त मान हलवली.

मास्तरीण ती कधीच नव्हती. नऊ वर्षं ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती, परीक्षानळ्या धुवायची, तराजू पुसायची. शाळा बंद पडली तेव्हा मामांनी भाचीला आपल्या पाट्यांच्या दुकानात बोलावलं. अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलायची म्हटली तरी ती आधी मनात चारदा घोकून घेई. मशीनला बोलणं लागत नव्हतं. दुसऱ्याच महिन्यात एक वीतभर पाटी तिच्या हातून आरशासारखी निघाली होती. त्या दिवशी ती बस विसरून घरापर्यंत चालत गेली होती. आता सोमवारपासून काउंटर. तिथे दिवसभर लोक येणार, आणि मशीन पाठीमागे दुसऱ्याच्या हाताखाली चालणार.

“प्रसूतिगृहाचा मोठा बोर्ड मी जेवून आल्यावर घालतो,” मामा म्हणाले. “त्याला हात लावू नकोस. एकच छापलाय आणि रोल संपलाय. उद्या सकाळी लावायचाय.”

मामा-मामी वरच्या मजल्यावर जेवायला गेले. तिने डबा काढला, उघडला नाही. आपले हात समोर धरून पाहिले. उजवा, डावा. दोन्ही साधे, गरीब हात. तिरके असतील तर असतील बापडे. पण मग ती वीतभर पाटी?

प्रयोगशाळेतले गुरुजी मुलांना एकच गोष्ट घोकून घोकून सांगत: एका वेळी एकच बदल करा, आणि काय बदलत नाही ते बघा.

तिने कचऱ्यातून एक वाया गेलेला बोर्ड आणि व्हायनलचा तुकडा घेतला. नेहमीच्या जागी उभी राहून आत घातला. तुकडा उजवीकडे, म्हणजे खिडकीकडे गेला. मग ती मशीनला वळसा घालून मागच्या बाजूला गेली, रोलर उलटे फिरवले आणि तिथून दुसरा तुकडा घातला. इथे खिडकी तिच्या डाव्या हाताला होती. हाताचा दोष असेल तर तुकडा आताही तिच्या उजवीकडे, म्हणजे भिंतीकडे जायला हवा.

तो खिडकीकडे गेला.

 मग भीतभीत पुन्हा करून पाहिलं. पुन्हा खिडकीच.

वरचा रोलर खाली दाबायला दोन टोकांना दोन चाकं होती. दुकान या जागेत आल्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून मामा रोज सकाळी दोन्ही चाकं मोजून आवळत, इकडे चार फेरे, तिकडे चार फेरे. यात कधी खंड पडला नव्हता. तिने कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या, रोलरच्या दोन टोकांत एकेक धरली आणि चाकं आवळली, चार-चार. भिंतीकडची पट्टी ओढली तर अलगद आली, पुस्तकातली खूण निघावी तशी. खिडकीकडची पट्टी दातखीळ बसल्यासारखी अडकली. जोर लावला तर फाटली.

फेरे सारखे होते, सुरुवात सारखी नव्हती. बहुधा सामान हलवताना एक चाक सरकलं असेल, आणि त्या सरकल्या जागेवर आठ वर्षं चार-चारचा हिशोब इमानेइतबारे चालला असेल. तिने खिडकीकडचं चाक सैल केलं. पट्टी ओढून पाहिली, पुन्हा सैल केलं. तिकडचे फेरे तीनपेक्षा थोडे कमी भरले तेव्हा दोन्ही पट्ट्या सारख्याच जडपणे बाहेर आल्या. मग तिने एक लांब तुकडा घातला.

तो सुतासारखा सरळ आला. एकटीच असूनही तिने तोंडावर हात धरला, कारण हसू फार मोठ्याने आलं होतं.

पण मग मामांचे बोर्ड आजवर सरळ कसे येत होते? याचं उत्तर काही केल्या सापडेना, आणि ते हसू निम्म्यावरच ओसरलं.

मामा बाह्या सरसावत खाली आले आणि थेट मोठ्या बोर्डाकडे गेले.

“मामा.”

“बोल.”

“चाकं मी हलवलीत.”

मामांचा हात हवेतच थांबला. “काय केलंस?”

तिने सांगितलं. पट्ट्या दाखवल्या, दोन्ही बाजूंनी घातलेले तुकडे दाखवले. बोलताना तिचा आवाज दोनदा फाटला, पण थांबला नाही.

“आठ वर्षं!” मामा म्हणाले. “आठ वर्षं माझे बोर्ड सरळ जातायत, ते काय नशिबाने? सर बाजूला. चाकं पहिल्यासारखी करू दे.”

ती सरली नाही. तिने खिडकीकडच्या चाकावर तळहात ठेवला. आपण काय करतोय ते तिला ठेवल्यावर कळलं, पण हात तिथेच राहिला.

“चाकं मी लावलीत. बोर्डही मीच घालते.”

“अगं, एकच आहे!”

“वाकडा गेला तर सोमवारची वाट बघायला नको. आत्ताच काउंटरवर बसते.”

“घालू द्या हो तिला,” जिन्यावरून मामी म्हणाली. “पाटी तिरकी झाली म्हणून बाळं काही उलटी जन्माला येत नाहीत.”

मामा बोर्डापासून मागे सरले. पलीकडे जाऊन हात बांधून उभे राहिले.

तिने कागद दोन बोटं सोलला. कड टेकवली, सोडली, पुन्हा टेकवली, दाबली. पेडल. आठ फुटी बोर्ड आत निघाला. पहिलं अक्षर रोलरखालून गेलं. तिसरा फूट आला. तिसरा फूट गेला. चौथा गेला. निळा रंग ताणलेल्या चादरीसारखा पसरत पलीकडे निघाला होता, आणि मामांनी कधी बांधलेले हात सोडून बोर्ड खालून धरला होता ते तिला दिसलंच नाही. शेवटचा कागद सुटून तिच्या पायांवर पडला आणि बोर्ड पलीकडच्या टेबलावर आला, सबंध.

“आली गं बाई!” मामीने जिन्यावरूनच टाळी वाजवली.

मामांनी पट्टी लावून एका टोकाचं अंतर मोजलं, मग दुसऱ्या टोकाचं. मग पहिल्याचं परत. चष्मा कपाळावर चढवून बोट फिरवलं. कुठे बुडबुडा नाही, वळी नाही.

भाची भिंतीला टेकून उभी होती.  आजही चालतच जायचं, तिने ठरवलं.

मामा मशीनच्या अलीकडे आले. कचऱ्यातून एक तुकडा उचलून स्वतः घातला. तुकडा भिंतीकडे गेला आणि त्याच्यावर सुरकुती चढली. त्यांनी दुसरा घेतला, अगदी सावकाश घातला. तोही भिंतीकडेच गेला.

मामीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि लग्न झाल्यापासून बहुधा पहिल्यांदाच, न बोलता मिटलं.

मामा आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. बोटं व्हायनलच्या कडेवर अजून तशीच होती, आठ वर्षांच्या सवयीने भिंतीच्या बाजूला किंचित ओढून धरलेली. त्यांनी ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

“सोमवारच्या माणसाला काय कळवू?” मामीने विचारलं.

“काउंटरवर बसेल का, विचार.”

मग ते वळसा घालून पलीकडच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. प्रसूतिगृहाच्या खोल्यांचे, आधीच छापून ठेवलेले अकरा बोर्ड अजून व्हायचे होते. तिने पहिला लावला. मामांनी तो धरला, मोजला नाही, बाजूला ठेवला. दुसरा. तिसरा. चौथ्याला तिने पेडलवर पाय ठेवण्याआधी मामा रोलरवरून थोडे पुढे वाकले आणि मामीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले,

“डावा हात कुठे ठेवतेस गं तू? दाखव जरा.”