पंधरावरचा हात

खिडकीशेजारी तीन पायांच्या स्टँडवर बसवलेला मी जुना कॅमेरा. बोलायची मला सवय नाही. आयुष्यभर बघितलं आणि गप्प राहिलो. पण मध्यंतरी माझ्यावर आळ आला, आणि दुसऱ्याचा आळ मी ठेवून घेत नाही. म्हणून आज तोंड उघडलं आहे.

आधी कूळ सांगतो. माझ्या आधीच्या कॅमेऱ्यांच्या पोटात आरसा असायचा. फोटो काढताना तो खाडकन वर उडायचा. तो आरसा काढून टाकला आणि आमची जात जन्माला आली. आतला, उजेड टिपणारा सेन्सर मात्र पूर्ण मापाचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. दुकानात त्याला फुल फ्रेम म्हणतात. त्या जातीतली माझी पहिली पिढी. पहिल्या पिढीचे लाड होत नसतात. बॅटरी एवढीशी, कार्डाला खाच एकच, आणि शटरचा आवाज असा की शेजारचा माणूस वळून बघेल. हात हलला तर फोटो हलणार. सावरून घेण्याची सोय माझ्यात नाही. जे झालं ते दाखवायचं, एवढंच मला येतं.

माझे मालक काम करणाऱ्या माणसांचे फोटो काढतात. लेथवर वाकलेला कामगार, पुस्तक शिवणारी बाई, काच फुंकणारा कारागीर. कारखाने आपल्या भिंतींवर लावायला ते मागवतात. मालकांनी फ्लॅश कधी वापरला नाही. फ्लॅशमध्ये कष्टाचा माणूस चोरासारखा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. स्टँडही वापरला नाही. "स्टँड म्हणजे म्हाताऱ्याची काठी," म्हणायचे. खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात, कोपरं बरगड्यांना टेकवायची, अर्धा श्वास सोडायचा, आणि सेकंदाच्या पंधराव्या हिश्शावर बटण दाबायचं. त्याला ते नुसतं 'पंधरा' म्हणत. पंधरावर हातात धरून स्वच्छ फोटो काढणारे त्या धंद्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मालक त्यातले. मला त्याचा गर्व होता. त्यांनाही होता.

मग एके दिवशी उजव्या हाताचा अंगठा हलला.

ते मला सगळ्यात आधी कळलं, कारण तो माझ्या पाठीवरच टेकलेला असतो. थंडी असेल म्हटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा हलला. तेव्हापासून मी त्या हाताकडे संशयानं बघायला लागलो. मालकांनी पंधराचं तीस केलं. तिसाचं साठ. पुढं दीडशे, पुढं पाचशे. शटर जितकं झटपट मिटेल तितका हाताचा थरकाप झाकला जातो. पण उजेड कमी पडतो, आणि फोटोत वाळूसारखे दाणे उतरतात. गिऱ्हाईक विचारायचं, "हल्ली फोटो खरखरीत का हो येतात?" मालक म्हणायचे, "कॅमेरा म्हातारा झाला."

मी ऐकून घेतलं. मला कान आहेत, पुढच्या बाजूला माइकची दोन बारीक भोकं.

एकदा मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. दोघांची जुनी ओळख.

"याचं शटर बघ. फोटो हललेले येतायत."

दुरुस्तीवाल्यानं डोळ्याला भिंग लावून मला उघडलं, पुसलं, मिटवलं. समोरच्या दुकानाच्या पाटीचे वीस फोटो काढले.

"याला काही धाड भरलेली नाही."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. तुझ्यामाझ्यापेक्षा दणकट आहे." मग म्हणाला, "हा कुणाकुणाच्या हातात असतो?"

"माझ्याच. दुसऱ्याला देतो का मी?"

दुरुस्तीवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मालकांच्या हाताकडे बघितलं, आणि खाली मान घालून स्क्रू गोळा करायला लागला. त्याला कळलं होतं. बोलला नाही. भिडस्त माणसाचा मला रागही येतो आणि संशयही.

घरी आल्यावर मालकांनी चप्पल काढता काढता सांगितलं, "शटर गेलं म्हणतो. भाग मिळत नाहीत आता."

चोर सोडून संन्याशाला फाशी. तो संन्यासी मी.

आठ दिवसांत नवा आला. माझ्याच जातीचा, चार पिढ्यांनी धाकटा. कार्डाला दोन खाचा, बॅटरी दिवसभराची. माणूस चौकटीत शिरला की त्याचा डोळा हा स्वतःच शोधतो. बटण दाबलं तरी आवाज नाही. मांजर दबकत येतं ते दुधासाठीच, हे मला माहीत आहे. मी त्याच्यावर नजर ठेवली. त्याची खरी कळ वेगळीच होती. त्याचा सेन्सर चुंबकांवर तरंगता ठेवलेला. हात डावीकडे हलला की सेन्सरही डावीकडे सरकतो, हात उजवीकडे की तोही उजवीकडे. हात कितीही थरथरो, फोटो शांत.

मालकांची मुलगी त्या दिवशी घरी होती. ती छापखान्यात फोटो निवडायचं काम करते, तिला दोन्ही शेजारी ठेवून बघायचे होते. एकच लेन्स, आधी मला लावली, मग त्याला. मालकीणबाई खिडकीत स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांचा फोटो, तोच उजेड, दोन्हींवर पंधरा.

"अहो, केस तरी विंचरू द्या."

"हल्लीच्या कॅमेऱ्यात केस मोजता येतात. विंचरून किती लपवणार?"

मुलीनं दोन्ही फोटो पडद्यावर मोठे केले. नव्याच्या फोटोत लोकरीचा धागा न् धागा. माझ्या फोटोत मालकीणबाईंना चार सुया होत्या.

"बाबा, केवढा फरक आहे."

"सांगत होतो ना. याचं आयुष्य संपलं. विकून टाक."

मालक खूष होते. त्या खुषीची मला भीती वाटली. पुढच्या महिन्यासाठी त्यांनी जहाजं दुरुस्त करण्याच्या गोदीतलं काम घेतलं होतं. चाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून वरून, खाली काम करणाऱ्या वेल्डरांचे फोटो काढायचे. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हाताला शिडी. माझ्या हललेल्या फोटोंनी त्यांना निदान धाक तरी होता. नव्या कॅमेऱ्यानं तो धाकही काढून घेतला. पण चुंबक कॅमेऱ्यात असतात, शिडीत नसतात.

मला विकायचं काम मुलीकडे आलं. तिनं मला आपल्या खोलीत नेलं. तिचाही मला संशय होता. विकणारा माणूस वस्तूचे दोषच शोधतो, म्हटलं आता ही माझी अब्रू काढणार. घेणाऱ्याला नमुन्याचे फोटो हवे होते. तिनं मला स्टँडवर बसवलं आणि पंधरावर फुलदाणीचा फोटो काढला. स्वच्छ. तिचा विश्वास बसला नाही. दहा काढले. दहाही स्वच्छ. मग साठावर स्वतःच्या हातात धरून काढला. तोही स्वच्छ.

"याला तर काहीच झालेलं नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिनं वडिलांनी काढलेले जुने फोटो उघडले. प्रत्येक फोटोच्या पोटात मी त्या दिवसाचा आकडा लिहून ठेवतो, शटर किती ठेवलं होतं त्याचा. सात वर्षांपूर्वी पंधरा. तीन वर्षांपूर्वी तीस. मग साठ, दीडशे, पाचशे. ती आकडे बघत वर वर सरकत गेली आणि मध्येच थांबली. मालकांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पण खोटे आकडे लिहायला मी शिकलेलो नाही.

ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी तिच्या गळ्यात होतो.

"आई, बाबांचा हात कसा आहे?"

मालकीणबाईंनी नळ बंद केला. "का गं?"

"सांग ना."

"चहा अर्धाच कप मागतात. भरला की सांडतो." त्यांनी हात पुसले. "शर्टाची गळ्याची गुंडी मी लावते. विचारलं तर म्हणतात, लाडात आलोय. या वयात कसले लाड? मीही विचारायचं सोडलं."

मुलगी बाहेरच्या खोलीत आली आणि मला मालकांच्या पुढ्यात धरलं.

"बाबा, याच्यानं माझा एक फोटो काढा. पंधरावर."

"तो बिघडलाय."

"नाही बिघडलेला. मी बघितलं."

"मग विकला का नाहीस अजून?"

"आधी फोटो काढा."

मालकांनी मला उचललं. कोपरं बरगड्यांना टेकवली. अर्धा श्वास सोडला. अंगठा माझ्या पाठीवर फडफडत होता, ओंजळीत धरलेल्या चिमणीसारखा. त्यांनी तो दाबून धरला, तर मनगट हलायला लागलं. माझ्यात चुंबक असते तर त्या क्षणी मी लाज राखली असती का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नसते हेच बरं झालं. शटर वाजलं. मागच्या पडद्यावर मुलीला दोन नाकं होती.

मग मालक म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"आत्ता."

"मला तीन वर्षं झाली." त्यांनी मला मांडीवर ठेवलं. "हा हात गेला की माझ्याजवळ काय राहतं, सांग. फोटो काढण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही."

"ते पुढचं पुढे. गोदीला नाही म्हणून कळवा."

"शब्द दिलाय."

"शिडीवरून पडलात तर शब्द कोण पाळणार आहे?"

दाराशी उभ्या असलेल्या मालकीणबाई म्हणाल्या, "आणि मला स्वेटर कुणासाठी विणायचा, तेही सांगा."

मालकांनी गोदीला फोन केला. दुसऱ्या दिवशी सगळे डॉक्टरकडे गेले. हाताचं दुखणं मज्जातंतूंचं निघालं. "दोन वर्षं आधी यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "पण वेळ गेलेली नाही." गोळ्या सुरू झाल्या, हाताचे व्यायाम सुरू झाले.

मला विकलं नाही. आता मी खिडकीशी, त्याच म्हाताऱ्याच्या काठीवर असतो. मालक खुर्चीत बसून रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढतात. जमिनीवरून होणारी कामं नवा करतो. त्याचे फोटो माझ्यापेक्षा सरस आहेत, हे मी मान्य करतो. तो खोटं बोलत नाही. पण विचारल्याशिवाय सगळं सांगतही नाही. म्हणून माझी त्याच्यावर नजर आहे.

महिन्याच्या एक तारखेला मात्र तो कपाटात असतो. त्या दिवशी मुलगी मला काठीवरून काढून वडिलांच्या हातात देते, समोर उभी राहते आणि म्हणते, "पंधरा." तो फोटो डॉक्टरांकडे जातो. नव्याच्या फोटोवरून हाताचं काही कळत नाही, असं खुद्द डॉक्टर म्हणाले.

तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू एकाएकी बिघडल्यासारखी वाटेल. तिला भंगारात काढा, माझी हरकत नाही. सगळ्यांचीच वेळ येते. पण त्याआधी ती ज्याच्या हातात होती, त्याचा हात एकदा हातात घेऊन बघा.

गेल्या एक तारखेच्या फोटोत मुलीच्या पापण्या मोजता आल्या नाहीत. नाक मात्र एकच होतं.