समोरची नळी

पायांत दोन वेगळ्या चपला. बाळाच्या गळ्याशी सूज. पाण्याचे सात थेंब. निळे बूच.

मित्रांनो, हे सगळे एकाच सकाळचे. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेतले, रक्त फिरवायचे जुने यंत्र. मी गरगर फिरले की लाल पेशी नळीच्या तळाशी बसतात आणि वर पिवळसर पाणी उरते. हार्मोन मोजतात ते त्या पाण्यात.

नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या नाळेतले रक्त माझ्याकडे रोज येई. प्रयोगशाळेतल्या ताई शेकडो धडधाकट बाळांचे आकडे लिहून ठेवत. म्हणत, "चांगलं कसं असतं तेच ठाऊक नसेल, तर बिघडलेलं कसं ओळखणार?"

त्या सकाळी मात्र रक्त जन्माआधीच आले. आई थायरॉइडचे वाढलेले हार्मोन कमी करणाऱ्या गोळ्या घेत होती आणि पोटातल्या सातव्या महिन्याच्या बाळाच्या गळ्याशी सूज दिसली होती. हार्मोन वाढले म्हणून सूज, की गोळ्यांनी फारच घटले म्हणून? वाढले असतील तर गोळ्या वाढवायच्या, घटले असतील तर कमी करायच्या. चुकले तर बाळाच्या जिवावर बेतणार. म्हणून सोनोग्राफीत बघत बघत, सुईने नाळेतून जरासे रक्त काढले होते.

दाराशी आईच्या सासूबाई उभ्या. "एक माझी, एक सूनबाईची," स्वतःच्या चपलांकडे बघत त्या म्हणाल्या. "आज काही विचारू नका."

तरुण डॉक्टरांनी घाईघाईत बाळाची चिमुकली नळी माझ्यात ठेवली आणि तिच्यासमोर आईची, काठोकाठ भरलेली. मी थडथडले. ताईंनी झडप घालून बटण बंद केले.

"अहो डॉक्टर, मुंगीसमोर हत्ती बसवलात की सी-सॉवर!"

"ताई, बाहेर सगळे खोळंबलेत हो."

"खोळंबू देत. नळी फुटली तर बाळाकडे पुन्हा मागायला कोण जाणार? तुम्ही?"

आईची नळी काढून त्यांनी बाळाच्या नळीसारखीच दुसरी नळी घेतली, तिच्यात पाणी भरले, तराजूवर ठेवली. वजन बाळाच्या नळीइतके भरेपर्यंत शेवटचे सात थेंब एकेक करून सोडले. निळे बूच लावून ती बाळाच्या नळीसमोर ठेवली. मग मी फिरले, एका लयीत.

हार्मोन फारच कमी निघाले. "गोळ्या कमी करायच्या," डॉक्टर म्हणाले, तशा सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. तीन आठवड्यांत सूज उतरली.

आता नवे यंत्र आले आहे. तोल बिघडला की ते आपणहून थांबते. मी कपाटावर, डोक्यावर हातमोज्यांची खोकी घेऊन. तक्रार नाही. मित्रांनो, एवढेच करा: यंत्र कितीही शहाणे असो, समोरची नळी तोलून ठेवा. ताई अजूनही तोलतात.

रक्त काढले त्या सकाळी बाळाचे वजन एक किलो दोनशे ग्रॅम होते; एवढ्याशा जिवाकडून दुसरी नळी कुठून आणली असती?