मनगटपट्ट्याची वादी

दत्तात्रेयांनी रेक्झिनची पट्टी पाटावर ताणून धरली आणि पंचवर हातोडी मारून सहावं भोक पाडलं. वरून काळं रेक्झिन, आतून तपकिरी नकली स्वेड. दोन्ही मांडवीच्या बाजारातून आणलेलं. रिफायनरीत तीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाने बायकांच्या नाटकाचे मनगटपट्टे शिवावेत, याची सोसायटीत थट्टा चाले. शेजारचे श्रीकृष्ण तर "केम छो, दरजीकाका?" अशीच हाक मारत. दत्तात्रेयांना ती हाक आवडायची.

महिला मंडळाच्या ऐतिहासिक नाटकात पुरुषांची कामंही बायकाच करणार होत्या. दत्तात्रेयांची बायको अहल्या म्हातारा सरदार झाली होती. तिसऱ्या अंकात राजा भर दरबारात अपमान करतो, तेव्हा चाकरी सोडतानाचं लांबलचक भाषण तिच्या वाट्याला होतं. तालमीत त्याच्या मधोमध तिची गाडी दरवेळी अडायची. अडली की ती पदर चाचपायची, आणि सरदाराला कुठला आलाय पदर? परवा घरी येऊन म्हणाली, आता पुन्हा अडले तर काम मंडळातल्या मोहनाला देऊन टाकते. तालमीच्या दिवशी सकाळपासून खुशीत असणारी ही बाई.

घरी मात्र खंडेराव मार्केटातली मेथी निवडता निवडता ती तेच भाषण घडाघड म्हणायची. तिच्या हातांना काम हवं, हे त्यांनी बरोबर हेरलं. म्हणून बक्कल न लावता त्यांनी भोकांतून लांब वादी ओवली.

"वेल्क्रो चाललं असतं की," मनगट पुढे करत अहल्या म्हणाली. "मोहनाने तेच लावलंय."

"सरदाराला वेल्क्रो? भाषण सुरू झालं की ही वादी आवळत राहा. सावकाश."

तिने वादीचं टोक बोटाला गुंडाळून पाहिलं.

"बरं," एवढंच म्हणाली.

प्रयोगाला दत्तात्रेय विंगेत उभे राहिले. तिसऱ्या अंकात भाषण सुरू झालं, अहल्याची बोटं वादीवर गेली आणि त्यांना हायसं वाटलं. मग नेहमीची जागा आली आणि ती थांबली. दत्तात्रेयांनी पडद्याची कड घट्ट धरली. पण तिची बोटं चालूच होती. ती वादी आवळत नव्हती, सोडत होती. एकेका भोकातून ओढून काढत होती, आणि अख्खं सभागृह तिच्या बोटांकडे बघत गप्प बसलं होतं. शेवटचा वेढा सुटला. तिने पट्टा सिंहासनाच्या पायरीशी ठेवला आणि उरलेलं भाषण मोकळ्या हातांनी, एका शब्दाचीही चूक न करता, म्हणून टाकलं.

टाळ्या बराच वेळ चालल्या. दत्तात्रेयांचे डोळे भरून आले, आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

अहल्या घामाने निथळत विंगेत आली.

"आवळायची होती ती," ते म्हणाले.

"माहीत आहे," अहल्या म्हणाली, आणि दुसऱ्या मनगटावरचा पट्टा सोडवण्यासाठी तिने तो हात त्यांच्यापुढे धरला.