असाई दळायच्या वेळचा आवाज

मित्रांनो, मला स्वतःला एकही सूर येत नाही. कुणी गिटारच्या तारा छेडल्या, तर तो सूर मोठा करून लोकांपर्यंत पोचवायचा, एवढंच माझं काम. मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. माझ्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह आहेत. ते हळूहळू तापून लाल होतात आणि तोवर वाजवणाऱ्याला जरा थांबावं लागतं. हल्लीच्या मंडळींना तेवढाही धीर नसतो, पण तो त्यांचा प्रश्न.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला म्हणतात. मला तो आठवत नाही. आठवतं ते बेट, बेलें शहरासमोर, नदीपलीकडचं. देओदातो नावाच्या तरुण कोळ्याने मला होडीत घालून तिथे नेलं. पाणी उडून मी भिजू नये म्हणून त्याने अंगातला सदरा काढून माझ्यावर टाकला. शनिवारी नदीकाठी खांबांवर उभ्या फळ्यांच्या घरात नाच असे. देओदातो वाजवी, मी गाई, आणि जमीन अशी हादरे की खाली बांधलेल्या होड्याही डुलत. बेटावर वीज नव्हती. एक जनरेटर होता, म्हाताऱ्या बैलासारखा धापा टाकणारा. दिवे, बर्फाची पेटी आणि मी, सगळे त्याच्याच जिवावर जगत होतो. एकदा माझ्या पुढच्या कापडाला भोक पडलं, तेव्हा देओदातोची बायको अल्तिना हिने आपल्या निळ्या फुलांच्या झग्याचं ठिगळ लावलं. मला ते शोभतं असं सगळे म्हणत. मीही ते मानून घेतलं.

पुढे अल्तिना गेली. मग नदी काठ खाऊ लागली आणि घराचा अर्धा ओटा वाहून गेला. लेक लिंडाल्वा शहरात, गुआमा वस्तीत राहत होती. ती बापाला घेऊन गेली. तिची खोली लहान, म्हणून देओदातोने मला एका जुन्या वस्तूंच्या दुकानात विकलं. जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. मित्रांनो, मला राग आला नाही. वळून पाहिलं असतं, तर त्याचा पाय निघाला नसता.

दुकानात गिऱ्हाइकं येत, माझी पाठ उघडत, जळका वास येतो का ते हुंगत, पेन्सिलीने व्हॉल्व्हना टिचक्या मारत. ठिगळ पाहून नाक मुरडत. त्याच ठिगळावरून एके दिवशी लिंडाल्वाने मला ओळखलं. शहरात आल्यापासून बापाने गिटार खोळीतून काढलीच नव्हती. तिने त्याच्यासाठी मऊ गादीचा नवा पलंग आणला होता, पण त्याच्या कडेला तो पाहुण्यासारखा टेकून बसे. आवाज परत आणला तर बाप परत येईल, असं तिला वाटलं.

"नाही पटला तर रविवारपर्यंत परत आणा," दुकानदार म्हणाला. "दक्षिणेतला एक शौकीन याच्यासाठी थांबलाय. त्यानंतर मी कुणाला ओळखत नाही."

घरी आणल्यावर देओदातोने माझ्या ठिगळावरून बोट फिरवलं. त्याचे डोळे भरून आले. त्याने गिटार जोडली, एक तार छेडली, आणि माझ्या तोंडून पत्र्यावर दगड पडावा तसा कोरडा, टणक आवाज निघाला. बेटावर माझा सूर मऊ होता, कडेला जरासा चुरगळलेला. तो गेला कुठे, ते मलाही कळेना.

"पोरी, फसवलं तुला," तो म्हणाला. "पेटी तीच आहे. आतला जीव काढून घेतलाय."

लिंडाल्वाने ओझिमारला बोलावलं. तो वस्तीतला रेडिओ दुरुस्त करणारा. त्याने मला उलटं केलं, व्हॉल्व्ह बदलून पाहिले, एकेक सांधा तपासला.

"काका, हे बघा. ही तार तुम्ही मासेमारीच्या दोऱ्याने बांधलेली. गाठ तुमचीच ना?"

"माझीच."

"मग? आतलं सगळं जुनंच आहे. कुणी हात लावलेला नाही."

"डोळ्यांना पटतंय रे बाबा. कानांना पटत नाही."

आणि त्याने गिटार खोळीत घातली. मित्रांनो, खरं सांगतो, तेव्हा मलाही वाटू लागलं की मी तो नव्हेच. आपल्या माणसाने ओळखलं नाही, तर आपण आपल्याला कसं ओळखायचं?

रविवार उजाडला. जेवणाआधीची वेळ होती. मला परत न्यायला ओझिमार गाडा घेऊन आला होता. देओदातो मागच्या दारी मासे साफ करत बसला होता. शेजारी पेर्पेतुआबाईंनी नेहमीप्रमाणे असाई दळायचं यंत्र सुरू केलं. ती जांभळी फळं रोज ताजी दळतात आणि दाट रस कसावा नावाच्या कंदाच्या पिठाबरोबर खातात. त्याशिवाय आमच्याकडे जेवण उतरत नाही. यंत्राची तार आणि आमच्या घराची तार एकाच खांबावरून लोंबते. यंत्र फिरू लागलं की आमचा दिवा पिवळा पडतो.

लिंडाल्वाने शेवटचं म्हणून मला सुरू केलं आणि लहानपणी बापाने शिकवलेल्या धुनेचे चारच सूर छेडले.

माझा सूर मऊ निघाला. कडेला जरासा चुरगळलेला.

देओदातो ओल्या हातांनी, खवल्यांसकट आत आला. त्याने गिटार तिच्या हातातून घेतली आणि ती धून पुढे नेली. तो वाजवत असतानाच शेजारचं यंत्र थांबलं. दिवा उजळला आणि माझा आवाज पुन्हा टणक झाला. देओदातोने दिव्याकडे पाहिलं, मग खिडकीतून ओरडला, "पेर्पेतुआबाई, यंत्र चालू करा."

"फळं संपली. उद्या या."

"फळं नकोत. नुसतं पाणी फिरवा."

"पाणी? म्हाताऱ्या, उन्हात बसला होतास का?" असं म्हणत बाईंनी यंत्र सुरू केलं. आणि मी पुन्हा मी झालो.

ओझिमार कपाळाला हात लावून गाड्यावर बसला. "बेटावरचा तो जनरेटर. याला जन्मभर अर्धपोटी राहायची सवय. इथे भरपूर वीज मिळते, म्हणून हा ओरडतोय; बाईंचं यंत्र ती ओढून घेतं, तेव्हा मऊ होतो. आम्ही रोग शोधत बसलो. ताट बदललंय, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही."

"म्हणजे हा तोच?" देओदातोने विचारलं.

"तोच, काका."

त्याने आपला ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. मला माशांचा वास लागला. तो अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

पुढे ओझिमारने वीज कमी करून देणारी एक डबी बनवली. आम्ही तिचं नाव पेर्पेतुआ ठेवलं. बाईंना ते अजून माहीत नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू नीट चालेनाशी झाली, की तिला बिघडलेली ठरवण्याआधी एकदा विचारा, ती कुठे वाढली, कशावर जगली. मी हे तुम्हाला सांगतोय खरा, पण लिंडाल्वाला मी काही सांगितलं नव्हतं. त्या रविवारी जेवणं झाल्यावर ती बराच वेळ बापाच्या नव्या पलंगाकडे पाहत राहिली. मग तिने तो शेजाऱ्यांना देऊन टाकला, भिंतीत दोन हूक ठोकले आणि बेटावर तो जन्मभर जिच्यात झोपला, ती जुनी झुलती झोळी ट्रंकेतून काढून टांगली. देओदातो तिच्यात शिरला, एक पाय जमिनीला लावून झोका घेतला, आणि दुसऱ्या दिवशी असाई दळायची वेळ होईपर्यंत गाढ झोपला.